गिअरबॉक्सचा पंखा

अहो, तुम्ही भरलेलं तेल काल काढलं. आपल्या प्लास्टिकच्या मशीनच्या, एक्स्ट्रुडरच्या, गिअरबॉक्समधलं. एवढंच सांगायचं होतं, पण ते एका ओळीत मावेना म्हणून लिहायला बसले.

आपल्या मरोळच्या गाळ्यात दर खंडेनवमीला तेल बदलायची पद्धत होती. चांगलं असो की वाईट, सकाळी जुनं काढायचं, नवं भरायचं, मग मशीन पुसून झेंडूची माळ. त्या वर्षी तुम्ही पहिल्यांदाच सिंथेटिक तेलाचा कॅन आणलात. मी पूजेचं ताट घेऊन उभी आहे, तुम्ही नरसाळं धरून ओतताय, मधासारखी सावकाश धार. पुढच्या नवमीला याला हात लावायचा नाही, हे पुष्कळ टिकतं, असं म्हणालात. मी विचारलं, किती वर्षं? तुम्ही वर न बघता म्हणालात, "वर्षं नको विचारूस. किती तापतं ते विचार." मी वाकून आत बघायला लागले तर रागावलात. नुसतं बघायला म्हणून झाकण उघडं ठेवायचं नाही, हवेतली ओल आणि धूळ आत जाते. पुढच्या होळीच्या आधी तुम्ही गेलात.

गाळा भाड्याने दे, असं सगळे सांगत होते. मी रद्दीच्या दुकानातून मशीनवरची इंग्रजी पुस्तकं आणली आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. एकात होतं, तेल दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी घरचा टेबलफॅन गाळ्यात नेला आणि गिअरबॉक्सकडे तोंड करून लावला. आपले मालवणी ऑपरेटर, गाळ्यात आता ते एकटेच, घाम पुसत म्हणाले, "आमका पंखो नाय, गिअरबॉक्साक पंखो." मग त्यांच्यासाठीही एक घेतला. पण पहिला कधी हलवला नाही. लोकांना वाटायचं, बाई मशीनची फार काळजी घेते. मला त्या पेटीत तुम्ही ओतलेलं शिल्लक ठेवायचं होतं. सकाळी मोटर लावली की त्या पेटीतून खालच्या पट्टीतली घरघर येते. ती ऐकताना गाळ्यात आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. मी दाराशीच थांबते, मागे वळून बघत नाही.

दर नवमीला छोटी बाटलीभर तेल लॅबमध्ये तपासायला पाठवत होते. चालेल, असं उत्तर यायचं. वर्षामागून वर्षं चाललं. यंदा उत्तर आलं, बदला. नव्या तेलाची बाटली आणि आपली, दोन्ही खिडकीच्या उजेडात धरल्या. आपलं काढ्यासारखं काळं झालेलं, वास करपट, बोटांवर चोळलं तर बारीक चमक. ते गिअरचं लोखंड. तरी मी म्हटलं, दिवाळीपर्यंत चालवू. ऑपरेटर हळू आवाजात म्हणाले, "वयनी, त्याल गेला. आता ठेवलात तर गिअर जातले. दादांनी ता गिअरांसाठीच घातलेला."

तेल गरम असतानाच काढायचं, म्हणजे गाळ बरोबर येतो, म्हणून काल मशीन थोडा वेळ चालवून बंद केलं. खालचा नट मीच सैल केला. धार उजव्या मनगटापर्यंत आली, कोमट. बादली भरत गेली आणि ऑपरेटर आणि मी नुसते बघत राहिलो. नवं भरून मोटर लावली तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले. आवाज बदलेल असं वाटलं होतं. बदलला नाही. तीच घरघर, तीच पट्टी. मी मागे वळून बघितलं. गाळ्यात आम्ही दोघंच होतो.

हे पाठवायचं कुठे, ते माहीत नाही. घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवीन. एक मात्र सांगते. तुम्ही तेलकट हातांनी ताटावर बसायला लागलात की मी तुम्हाला मोरीकडे परत पाठवायची, लाकडाच्या भुशाने चोळून या, साबण लावून या. काल दुपारी जेवायच्या आधी ऑपरेटरांनी भुशाचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी घेतला नाही. त्यांचा चहाचा चमचा मागून घेतला, तेलाचा उजवा हात तसाच मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने भात खाल्ला.