उघडा वजीर

४ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा ठीक आहे. तक्रार करण्याइतकासुद्धा दुखत नाही.

वि. वि. कोपऱ्यावरचा घड्याळ दुरुस्तीवाला हल्ली रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायला येतो. तुझी आई गेल्यापासून पट कपाटावर धूळ खात होता, म्हणून आधी बरं वाटलं. पण हा गृहस्थ सारखा हरतो. डोळ्याला भिंग लावून केसाएवढा स्क्रू बसवणाऱ्याला समोरचा हत्ती दिसू नये? काल मी मुद्दाम वजीर उघडा ठेवला. त्याने तो पाहिला, चांगला निरखून पाहिला, आणि प्यादं सरकवलं. जन्मभर लोकांचे हिशेब तपासलेत मी. फुकट कोणी हरत नसतं. त्याचा डोळा घरावर असावा, म्हणून कागदपत्रं पिठाच्या डब्यात हलवली आहेत.

तरी खरं सांगतो, दुपार कलली की मीच त्याची वाट बघतो. धाकट्याला यातलं कळवू नकोस.

तुझा संशयी बाप

१५ मार्च

ती. ताईस सा. न.

बाबांचं पत्र मला पाठवलंस आणि वर विचारलंस की यात माझा हात आहे का. आहे. तुझं नाक लहानपणापासून तसलंच.

गेल्या सुट्टीत मीच त्या माणसाला गाठलं. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, मला ते बघवेना. त्याचं दुकान तसंही चालत नाही. दर महिन्याला पैसे पाठवतो, तो रोज तासभर बसतो. हरण्याचे थोडे वेगळे देतो, कारण जिंकले की बाबा दोन घास जास्त जेवतात. डॉक्टरला देतो, कामवाल्या बाईंना देतो, मग यातच काय पाप आहे? तू नोकरी सोडून तिथे जाऊन बसणार नाहीस, आणि मीही नाही. बाबांना कळलं तर ते त्याला दारात उभं करणार नाहीत. म्हणून तेवढं तोंड बंद ठेव.

पोरांना गोड पापा. रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

ताईला ठाऊक असलं तरी तिने तोंड उघडलेलं नाही, तिच्यावर चिडू नकोस. मीच घड्याळवाल्याला समोर बसवून विचारलं, माझ्या घरावर डोळा आहे का. बिचारा पांढराफटक पडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. येण्याचे वेगळे, हरण्याचे वेगळे! राग आलाच, पण त्याहून लाज वाटली. प्रत्येक विजय मी शेजाऱ्यांना ऐकवत होतो रे. त्याला म्हटलं, पुन्हा येऊ नका.

काही दिवस आला नाही. काल आला, पट मांडून बसला आणि मला सपशेल हरवलं. वर गालातल्या गालात हसलासुद्धा. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तो गेल्यावर सोंगट्या डब्यात भरताना मनात आलं, याचेही पैसे तूच दिले असशील. तेवढा हुशार तू आहेस.

त्याला विचारायचा धीर होत नाही. तुला विचारावं, तर तू खरं लिहिलंस हे मी कशावरून ओळखू? पैसे बंद कर, असं लिहायलाच कागद घेतला होता. पण बंद केल्यावर तो आलाच नाही तर?

तेव्हा बंद करू नकोस. आणि देतोस की नाही, ते मला सांगूही नकोस.

प्रकृतीला जप.

बाबा