डोंग्याच्या कानात

१२ जानेवारी १९८३, बुधवार

पाव्हनी येनार! आन तेबी गोरी!

माझी मोठी बहीन भागीताई चांद्याच्या शाळेत आया हाये, त्या शाळेतली मास्तरीन. एलसाबाई. नार्वे देशाची. ज्या पोरायले हात नाईत, बोटं नाईत, त्यायले लिवाले शिकवते म्हने. शुक्रवारी संक्रांतीची सुट्टी, त्याले शनिवार-रविवार जोडून तीन दिवस आमच्या बेटावर राह्यनार.

आमचं बेट म्हनजे काय — वैनगंगेतली रेती! पानी उतरलं का आम्ही तिथी झोपडी टाकतो, डांगरं लावतो, बाजूच्या डोहात जाळं टाकतो. या काठाले चांदा जिल्हा, त्या काठाले नवा गडचिरोली जिल्हा. बाबाले इचारलं, "मंग आपलं बेट कोनत्या जिल्ह्यात बे बाबा?" बाबा म्हने, "मासोऱ्यायले इचार."

मासोऱ्या असतीन तवा ना!

१३ जानेवारी

जाळं खाली, एक मासोरी नाई. कालबी खाली.

वरच्या डोहावाले टोटे फोडतेत. खदानीतला बारूद, वात पेटवून पान्यात फेकला का धडाम! मोठ्या मासोऱ्या उलट्या होऊन वर येतेत, बारकी पिल्लं तळाशी मरतेत. म्हनून इकडं काईच येत नाई. मागच्या साली बाबानंच मच्छी सोसायटीच्या मिटींगमदी उभं राहून कायदा करून घेतला — जो टोटा फोडन त्याचा डोह काढून घ्याचा. मंग तो कोनाबी असो. पन वरचे अजून कोनाले सापडले नाईत.

माय रडून राह्यली होती चुलीपाशी. "ढिवराच्या घरी पाव्हनी आन ताटात मासोरी नाई. मी तोंड कुठी लपवू?" बाबा उठून भाईर गेला. जाळं सुकवत बसला. ते त कवाचंच सुकलं होतं!

१४ जानेवारी, संक्रांत

आली! लांबच्या लांब बाई, नाक सोललेल्या गाजरावानी लाल. आन मराठी कशी बोलते! "मला अत्यंत आनंद होत आहे." आमच्यात कोनाच्या बापाले असं बोलता येत नाई. माय घाबरली, तिलेच नमस्कार घातला.

मले राह्यवलं नाई. काठावर म्हनलं, "बाई, आमच्यात रिवाज हाये. डोंग्यात बसाच्या आधी त्याच्या कानात आपलं नाव सांगा लागते. नाई त तो वळखत नाई, पालथा होते."

"डोंग्याचा कान कोठे आहे?"

मी दावला — समोरचं टोक. बाई चिखलात गुडघे टेकून बसली! टोकाले तोंड लावून हळूच म्हनली, "माझे नाव एल्सा. मी पाहुणी आहे." मी पोट धरून पान्यात पडलो. भागीताईनं पाठीत एक देल्ली. "मसन्या! बाई खरं समजते ना!" बाबा हसला नाई. बाबानं डोंगा हाकलला.

दिवसभर बाई रेतीवर लोळली, पान्यात पवली, गानं म्हनली. तिच्या देशात आता अंधार आन बर्फ. लोकं अशा बेटासाठी समुद्रापार जातेत म्हने. "तुम्ही स्वर्गात राहता," बाबाले म्हनली. बाबा म्हने, "हो बाई."

जेवाले तिळाचा लाडू, भात आन लाखोळीची डाळ. मायनं ताट ठेवलं आन मान खालीच. बाई बोटं चाटून जेवली.

१५ जानेवारी

सकाळी जाळं खाली. सांजचं टाकलं त दोन खेकडे आन कोनाची तरी चप्पल. मी म्हनलं, "बाबा, दुसरी सापडली का जोडी लावू." बाबानं माझ्याकडं पाह्यलं. मी चप्पल पान्यात फेकून देल्ली.

दुपारी बाई तिच्या पोरायच्या गोष्टी सांगत होती. मी उजवा हात सदऱ्याच्या आत ओढला, रिकामी बाही हालवत गेलो. "बाई, मलेबी भरती करा तुमच्या शाळेत! सातवीत दोनदा नापास हावो!"

सगळे हसले. बाई नाई हसली. काडी घेतली, माझ्या डाव्या हातात देल्ली. "तुझे नाव लिही."

लिवलं रेतीत. ल पडला, च्छू पाय वर करून झोपला. माय पदर तोंडाले लावून हसत होती — तीन दिवसात पह्यल्यांदा! बाईनं वाकून पाह्यलं. म्हनली, "पहिल्या दिवसासाठी चांगले आहे."

मस्करी करून राह्यली का खरंच, काई समजलं नाई. पुसून टाकलं पायानं.

तेवढ्यात वरच्या डोहाकून धडाम. बाईनं वर पाह्यलं. "ढग नाहीत, तरी गडगडाट?"

बाबा म्हने, "खदान हाये बाई, दूर."

खदान इथून कुठी अन् काय! बाबा कधी खोटं बोलत नाई.

ताटात आजबी डाळच. माय जेवली नाई.

१६ जानेवारी, रविवार

बाई दुपारी जानार.

सकाळी उठलो त बाबा झोपडीत नाई. भाईर पाह्यलं. धुकं होतं. बाबा डोंग्यापाशी वाकला होता. टोकाले तोंड लावून. मले वाटलं, फुटला का काय ते पाहून राह्यला.

बाबा म्हनत होता, "मी पत्रू. वळखतं ना मले?"

बापा! मी तो रिवाज उभ्या उभ्या बनवला होता. मस्करीसाठी! चाळीस साल डोंगा चालवनारा मानूस...

हसू नाई आलं. झोपडीच्या मांगं जाऊन बसलो.

जाळं टाकलं बाबानं. खाली.

आता लिवून राह्यलो ते कोनाले सांगाचं नाई. माझ्यापाशी एक टोटा हाये. माझा दोस्त कोलू घुग्घुसच्या खदानीत कामाले हाये, त्यानं दिवाळीत देल्ला होता. होळीले पाटलाच्या घरामांगं वाजवाचा, अशी मजा ठरली होती. मडक्यात घालून रेतीत पुरून ठेवला. कोलूनं सांगतलं होतं, "वात आखूड ठेवजो. लांब ठेवली का टोटा बुडते, भिजते, वाजत नाई. हातात धर, सुरसुरली का फेक."

एकच. बाबाचा डोह, म्हनून तिथी नाई फोडत, बेटाच्या शेपटीकडं जातो. आवाज आला त म्हनतीन वरचेच फोडून राह्यले. मंग जाळं ओलं करून येतो, मरळ घेऊन, ही एवढी! बाबाले म्हनतो, तुह्याच जाळ्यात होती, तुले दिसली नाई म्हाताऱ्या. माय रांधन. बाई खाऊन जाईन. बाबाची मान वर होईन. एकाच जेवनाची त गोष्ट हाये.

वात कापली. बोटभर होती, अर्धी ठेवली.

जाता जाता डोंग्याच्या कानात मीबी सांगतलं. लच्छू. कोनी पाह्यलं नाई.

२८ मार्च, होळी

चांद्याच्या शाळेत हावो, डाव्या हातानं लिवून राह्यलो. उजवा मनगटापासून नाई.

बाबानं सोताच सोसायटीत जाऊन सांगतलं. डोह गेला.

येवढं लिवाले दुपार गेली. एलसाबाईनं वाकून पाह्यलं. तेच म्हनली, जे रेतीत म्हनली होती. खरंच म्हनते ते.

माय सांगते, त्या दिवशी मासोऱ्या लय वर आल्या होत्या. पांढरी पोटं वर, बेटाच्या शेपटीपासून डोहापर्यंत. कोनी एकबी उचलली नाई.