दहाच्या वर गेलं की गुरुवार

सोमवार, ४ तारीख
चपला! एका बाईला तीन जोड, आणि त्यातला एकही नवा नाही. दारात घरच्या काढा, मधल्या घाला, सशांच्या खोलीशी मधल्या काढा, आतल्या घाला. परत येताना तेच उलट. दिवसातून वीसदा. माझा जन्म चपला बदलण्यातच जाणार इथं. वर आतल्या जोडीत कुणाच्या तरी अंगठ्याचा खड्डा पडलेला. आधीच्या बाईचा. ती का गेली विचारलं, तर इथलं सगळं बघणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, तिचं काम पूर्ण झालं.

बाकी जागा झकास. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, नळाला गरम पाणी, जेवण आयतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर ताट आणून ठेवलं. दाराला बाहेरून एक चिमटा ठोकलाय, तो कशाला ते कळलं नाही. लेकीला फोन केला. ती म्हणाली, आई, छान झालं, आता तिथं कुणाशी भांडू नकोस.

ही औषधं शोधणाऱ्यांची शाळा आहे. माणसावर, जनावरावर औषध तपासायचं तर न फसवता, न छळता कसं तपासायचं, ते मोठ्या बाई शिकवतात. मी सशांचं बघायचं. तेवीस पिंजरे, तेवीस ससे. रोज ही वही लिहायची, दर बुधवारी समिती वाचते म्हणे. मी चौथी शिकलेली, असं सांगून बघितलं. बाई म्हणाल्या, चालेल, पण इथं जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरतात. घ्या, लिहिलं.

बुधवार, ६
तक्ता शिकले. प्रत्येक पिंजऱ्याला चिमट्यात एक कागद. त्यावर सहा रकाने: खाणं, पाणी, केस, डोळे, बसणं, हात लावल्यावर कसा वागतो. ठीक असेल तर शून्य, फार वाईट असेल तर तीन. बेरीज दहाच्या वर गेली की गुरुवारी जनावरांचे डॉक्टर येतात, सुई देतात, ससा झोपतो आणि उठत नाही. उगाच हाल नकोत म्हणून. याला दयेचा शेवट म्हणतात. मला पटलं. माणसांची तरी एवढी काळजी कोण करतं?

सशांना नावं ठेवायची नाहीत, जीव गुंततो. चौदा नंबरला मी गुपचूप सासूबाई म्हणते. खाणं ठेवलं की आधी पाय आपटते, मग तोंड फिरवते, आणि माझी पाठ वळली की सगळं फस्त.

शुक्रवार, ८
दुपारी वर्गात बोलावलं. शिकणाऱ्या डॉक्टरांना सरावाला खोटा पेशंट लागतो, तो मी. काय देणार, त्रास काय होईल, हे त्यांनी मला समजावायचं. मी कळलं म्हणायचं आणि सही करायची. एक चष्मेवाला भराभरा बोलत सुटला. मी म्हटलं, बाबा, गाडी सुटतेय का तुझी? वर्ग खो खो हसला. बाईंनी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. हे आवडलं मला. मग दंडात सुई. नुसतं मिठाचं पाणी आहे म्हणाले. आता रोज टोचणार, सराव व्हायला हवा.

कागदावर ठळक अक्षरात होतं: कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येईल. ते मी स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं. चौथीवाल्या बाईला आठ डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, १२
डाव्या रांगेतल्या सशांच्या कानामागचे केस गेलेत. सासूबाई पाय आपटत नाही. खात नाही, माझी पाठ वळली तरी नाही. खाण्याला तीन लिहिले. खोटं कसं लिहिणार?

गुरुवार, १४
सासूबाई गेली. बेरीज अकरा. अक्षर माझं.

जेवले नाही. ताट तसंच परत दिलं. ताट नेणारीनं किती उरलंय ते वाकून बघितलं आणि दाराबाहेर उभी राहून काहीतरी लिहिलं. स्वयंपाकघराचं काही असेल.

शनिवार, १६
विंचरताना कानामागे बोट लागलं. गुळगुळीत. बटणाएवढं. दोन्हीकडे.

जनावरांचे डॉक्टर आज सशांचे केस बघायला मधेच आले होते, त्यांना गाठून विचारलं, मिठाच्या पाण्यानं केस जातात का. ते म्हणाले, मला जनावरांचं विचारा, माणसांचं मोठ्या बाई बघतात. पण बघत होते माझ्या खांद्यांकडे. मी वाकून उभी होते.

सोमवार, १८
ताट परत दिलं आणि दार लावल्यासारखं करून एकदम उघडलं. चिमट्यात कागद होता. ताटवाली दचकली, कागद तिथंच टाकून जिना उतरली.

सहा रकाने. वर लिहिलेलं: नंबर चोवीस, मादी, वय एकोणपन्नास, वजन एकसष्ट. खाणं दोन. केस दोन. बसणं एक. बाकी शून्य. बेरीज पाच.

त्याच्या मागं एक जुना कागद. तोही चोवीस. मादी, वय बावन्न. शेवटची बेरीज तेरा. खाली गुरुवारची तारीख आणि लाल खूण.

अंगठ्याचा खड्डा तिचाच.

मंगळवार, १९
भर वर्गात सांगितलं, मला बाहेर पडायचंय, आत्ता. नेमका आज धडाच तो होता, पेशंट बाहेर पडतो म्हणाला तर काय करायचं. सगळे खाली मान घालून लिहायला लागले. चष्मेवाला म्हणाला, काकू, अगदी खरं वाटलं हो! मी ओरडले, अरे खरंच आहे मेल्या! बाई त्यांना हळूच म्हणाल्या, बघा, घाबरलेला माणूस असंच बोलतो, त्याला कधी दटावायचं नाही. मला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मी तो झटकला.

संध्याकाळचा कागद: हात लावल्यावर, तीन. बेरीज आठ.

गुरुवार, २१
डॉक्टरांनी दोन ससे नेले. जाताना माझ्यापुढं थांबले. बघितलं. गेले.

शुक्रवार, २२
ताट पुसून खाल्लं. ताठ बसते. डोक्याला रुमाल बांधलाय. बाई आल्या की हसते. भीती वाटली की आकडा वाढतो, म्हणून भ्यायचं नाही — हे कसं करायचं असतं?

दारातल्या माझ्या घरच्या चपला नाहीत. पहारेकरी म्हणाला, आतल्या चपलांनी बाहेर सोडता येत नाही, नियम आहे मावशी. अनवाणी जाते म्हटलं. त्याचाही नियम आहे.

रविवार, २४
लेकीला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. बाईंनी तिला आधीच फोन केला होता, आई जरा बिथरलीय, आम्ही काळजी घेतोय. किती चांगल्या आहेत गं त्या, म्हणाली. त्यांचं ऐक.

फोन परत द्यायला गेले तर बाई दुसऱ्या फोनवर. कुणाला तरी गोडीत विचारत होत्या — पायाचं माप काय तुमचं?

सोमवार, २५
खाणं शून्य. पाणी शून्य. केस तीन. डोळे तीन, झोप नाही म्हणून. हात लावल्यावर तीन. बसणं दोन. बाजूला लिहिलंय: फार ताठ बसते.

अकरा. मी चारदा मोजलं.

मंगळवार, २६
समितीवाल्यांनो. दर बुधवारी वह्या वाचता ना? मग ही वाचा. चोवीस नंबर म्हणजे मी. बाई आहे, बोलते, लिहिते. सही मी सरावाची म्हणून केली होती. तुमच्याच कागदावर आहे, कधीही, कारण न सांगता. मी कारणही सांगितलंय. आणखी काय पाहिजे? मी बाहेर पडते — पडले — लिहिलंय म्हणजे घडलंय, तुमचाच नियम. माझ्या चपला द्या. बुधवार संध्याकाळपर्यंत मला लेखी उत्तर —

जिन्यावर कुणीतरी आहे. ताटाची वेळ नाही.

माझ्या दाराशी थांबले. चपला काढतायत. मधल्या — आता आतल्या घालतायत — माझ्या खोलीत यायला आतल्या —

आज मंगळवार आहे. बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं ठरलंय, गुरुवार अजून लांब आहे, ऐका, आज मंग