तीस दिवसांचं रेकॉर्डिंग

४ फेब्रुवारी

आधी क्रमानं.

१. सकाळी ६:५० पासून बर्फ. टॉवरमधून धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं.
२. ७:२० — बर्फ काढायची गाडी मी धावपट्टीवर सोडली. चालक तोक्तोसून अबा (वडीलधाऱ्यांना आम्ही अबा म्हणतो). एकटे.
३. ७:३६ — राजधानीहून येणारं विमान वीस किलोमीटरवर. एकाहत्तर प्रवासी.
४. ७:३६ — मी अबांना सांगितलं: पहिल्या फाट्यानं बाहेर या, बाहेर आलात की कळवा. उत्तर: "हो, लेकी."
५. ७:३९ — कळवलं नाही म्हणून मी विचारलं: अबा, धावपट्टी सोडली का? उत्तर: "हो, लेकी."
६. ७:४० — कॅप्टननं विचारलं: पट्टी मोकळी आहे ना? मी सांगितलं: मोकळी आहे, उतरा. त्यानं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला.
७. ७:४१ — विमान टेकलं. गाडी धावपट्टीवरच होती, तिसऱ्या फाट्याजवळ. विमानाचा उजवा पंख गाडीच्या केबिनला लागला.
८. प्रवासी सगळे सुखरूप. तोक्तोसून अबा जागीच.

आठवा मुद्दा लिहायला बाकीच्या सातांपेक्षा जास्त वेळ लागला.

५ फेब्रुवारी

माझा पास काढून घेतला. टॉवरमध्ये जायचं नाही, चौकशी संपेपर्यंत.

समितीचे तुरगुनबाएव राजधानीहून आलेत. बारीक माणूस, पेन्सिलनं लिहितो. त्यांनी घटनेच्या वेळचं एक तासाचं रेकॉर्डिंग काढून घेतलं. मग मला प्रश्न.

"विमानांशी आणि गाड्यांशी वेगळ्या रेडिओवर बोलता?"

हो. कॅप्टनचं अबांना ऐकू येत नाही, अबांचं कॅप्टनला नाही. दोघांच्या मध्ये फक्त मी.

"चालकानं तुमची सूचना परत म्हणून दाखवली होती का?"

नाही.

"नियम आहे ना?"

आहे.

"इतर दिवशीही दाखवत नव्हता?"

मी म्हटलं, अलीकडे नव्हते दाखवत. त्यांनी लिहून घेतलं. 'अलीकडे' लिहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. मी विचारलंही नाही. त्या आधी काय होतं ते त्यांनी विचारलं नाही!

जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं — हे मला सहा वर्षं शिकवलेलं आहे.

६ फेब्रुवारी

अबांचं दफन. गेले नाही.

खरं तर गेले. रस्त्याच्या वळणापर्यंत. अंगणात उभारलेला तंबू दिसत होता. आतून बायकांचा विलाप ऐकू येत होता. परत आले.

७ फेब्रुवारी

कॅप्टन यर्मेक कँटीनमध्ये भेटला. त्याचंही उड्डाण बंद ठेवलंय. चहा घेतला, प्यायला नाही. सहा वर्षं त्याचा आवाज ओळखते, चेहरा नीट आजच पाहिला.

"मास्तरीणबाई," म्हणाला. सगळे पायलट मला तेच म्हणतात. त्यांनी आकडा अर्धवट परत म्हटला तर मी सोडत नाही. पुन्हा म्हणा. पुन्हा. कोणी का असेना.

"डिसेंबरात तू मला हवेच्या दाबाचा आकडा तीनदा म्हणायला लावलास, आठवतं? माझा जोडीदार म्हणाला, कॅप्टन, हिच्याशी लग्न करा, घर शिस्तीत राहील. मी म्हटलं, बाबा रे, जेवण मागितलं तरी परत म्हणून दाखवावं लागेल!"

तो हसला. मीही, बहुतेक.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "समोर सगळं पांढरं. दुसरं कोणी असतं ना तिथे वर, तर मी आणखी एक घिरटी मारली असती. खरंच सांगतो. तू 'मोकळी' म्हणालीस. तुझा शब्द होता म्हणून उतरलो."

मी कप बाजूला सरकवला.

"म्हातारा खोटं का बोलला गं?" तो म्हणाला. "दोन मिनिटं वाचवायला?"

मी चहाचे पैसे ठेवून उठले.

८ फेब्रुवारी

आज ९ जानेवारी पुसला गेला.

इथे टिपून ठेवते. आमच्याकडचं प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होतं आणि तीस दिवस राहतं. एकतिसाव्या दिवशी त्यावर नवा दिवस चढतो. यंत्राचं घड्याळ ग्रीनिचचं आहे, म्हणून आपल्याकडे सकाळी सहाला. समितीनं फक्त एक तास काढून घेतलाय, बाकीचे दिवस यंत्रातच आहेत. ते कोणी मागितलेले नाहीत.

सकाळी सहाला जाग येते. घड्याळ लावलेलं नसतानाही.

१० फेब्रुवारी

अबांचा सातवा. या वेळी आत गेले.

घर रुळांपलीकडे, जर्दाळूच्या झाडांमागे. तळलेल्या बोरसोकांचा, कणकेच्या फुगलेल्या तुकड्यांचा, वास फाटकापर्यंत येत होता. कुराण वाचून झालं होतं. आपा — अबांची बायको — भिंतीशी बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं होतं ढकलतील.

"तूच ती वरची पोर!" म्हणाल्या. "इतकी लहान? आवाजावरून ते म्हणायचे, चांगली ताडमाड असेल."

त्यांची मुलगी सायकाल शाळेत गणित शिकवते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. तिनं मला चहा दिला, अर्धी वाटी, रीतीप्रमाणे. जवळच बसली.

"बाबा तुझी नक्कल करायचे," ती म्हणाली. "टीव्ही बंद कर म्हटलं की सरळ बसून म्हणायचे — 'टॉवर, टीव्ही बंद करतोय, बंद झाल्यावर कळवतो.'"

"टीव्ही म्हणजे कसला," आपा म्हणाल्या, "चार घरांना ऐकू जायचा!"

सगळ्या बायका हसल्या आणि लगेच रडल्या. त्यांना दोन्ही एकदम जमतं.

मग सायकाल म्हणाली, "आधी ते रेडिओला घाबरायचे. तीस वर्षं बर्फ काढलं, पण बोलायचं काम मुकादमाचं. जानेवारीत मुकादमाचा पाय मोडला, आणि यांच्या हातात रेडिओ आला. पहिले आठ दिवस घरी येऊन गप्प बसायचे. मग एके दिवशी आले ते खुशीत. म्हणाले, वरच्या पोरीनं माझी लाज राखली."

मी वाटीत बघत होते.

"कसली लाज, ते काही सांगितलं नाही," सायकाल म्हणाली. "तुला माहीत असेल."

मी चहा प्यायले.

तिनं आवाज उतरवला. "बाजारात बोलतात, बाबांनी खोटं सांगितलं. पट्टीवर असून पट्टी सोडली म्हणाले. ते कधी खोटं बोलले नाहीत. दुकानात जास्त सुटे आले तर परत द्यायला दोन मैल चालत जायचे. तू ऐकत होतीस. तू सांग. बोलले का ते खोटं?"

"चौकशी चालू आहे," मी म्हटलं.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. माझाच आवाज, कामावरचा.

सायकालनं माझी वाटी घेतली, भरून दिली. काठोकाठ. म्हणजे आता उठा. उठले.

११ फेब्रुवारी

आज १२ जानेवारी पुसला. अबांच्या हातात रेडिओ आला तो दिवस. त्यांचा पहिला दिवस.

त्या दिवशी त्यांनी सूचना परत म्हणताना मला 'आदरणीय टॉवर' म्हटलं होतं. हे आता फक्त मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी

चोल्पोन एजेला, म्हणजे ताईला, भेटले. रेकॉर्डिंगचं यंत्र तिच्या ताब्यात. मी नवी होते तेव्हा हिनंच मला हेडफोन कसा बांधायचा ते शिकवलं, अंबाडा न मोडता.

"एजे, एखादा दिवस ठेवून घेता येईल?"

"समितीचा लेखी हुकूम आण, दिवस काय, महिना ठेवते. हुकुमाशिवाय बटणाला हात लावला तर मी घरी, आणि घरी माझा नवरा आहे. दोन संकटं एकदम नकोत."

"मी मागितलं तर?"

"तू? तू तर ज्यांची चौकशी चालू आहे त्यांतली. समितीला अर्ज कर. कोणता दिवस?"

"अजून ठरलं नाही."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "बेगिमाय. ठरवत बसलीस तर दिवसच उरायचा नाही."

खोलीत यंत्राचा हिरवा दिवा सारखा चालू असतो. रेकॉर्ड होतंय त्याचा. पुसण्याचा वेगळा दिवा नाही.

१३ फेब्रुवारी

आमचे मुख्य, कुबात जुमाबेकोविच, यांनी बोलावलं. अहवालाचा मसुदा टेबलावर.

कारण: चालकानं धावपट्टीवर असताना धावपट्टी सोडल्याची खोटी माहिती दिली, सूचना परत म्हणण्याचा नियम चालक कायम टाळत असे. नियंत्रकाचा दोष: किरकोळ. मार्चपासून कामावर घ्यावं.

"सोमवारी सही कर," ते म्हणाले. "वाईट झालं. पण तुझ्या बाबतीत यापेक्षा बरं काही होऊ शकत नव्हतं."

"कायम, हे बरोबर नाही," मी म्हटलं.

"काय?"

"'कायम टाळत असे.' ते बरोबर नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठून दार लावून आले.

"पोरी, ऐक. मेलेल्या माणसाचा परवाना कोणी काढून घेत नाही. तुझा काढतील. सहा वर्षं घातलीस. या गावातून टॉवरवर गेलेली तू पहिली मुलगी. तुझ्यामागून दोघी शिकताहेत, त्यांच्याकडे उद्या कोणत्या नजरेनं बघतील? आणि त्याला काय फरक पडतो आता?"

"त्यांच्या मुलीला पडतो."

"तिला वेळ लागेल. सगळ्यांनाच लागतो." मग हळू: "तुला काय माहीत आहे, ते मला सांगू नकोस. मला माहीत झालं तर मलाही लिहावं लागेल."

ते वाईट नाहीत. अपघाताच्या दिवशी बर्फातून पहिले तेच धावले, टोपीशिवाय.

१४ फेब्रुवारी

१५ जानेवारी.

१५ फेब्रुवारी

१६ जानेवारी. सकाळी सहाला खिडकीशी उभी होते. बर्फ थांबलंय, आकाश स्वच्छ. आज कोणीही धावपट्टीचं टोक पाहू शकलं असतं.

दिवसभर हिशेब करत बसले — माणसांचा. मी पायलटांना सोडत नाही. त्यात मंत्र्याचा पायलट होता, माझ्या वडिलांच्या वयाचे रशियन कॅप्टन होते. त्यांचा आवाज चढला तरी मी म्हणते: पुन्हा म्हणा. का? त्यांनी काय ऐकलं ते मला कळावं म्हणून. दुसरं कारण नाही. 'हो' मधून काहीच कळत नाही. कोणीतरी बोललं एवढंच कळतं. परीक्षेत हा प्रश्न होता, मला पूर्ण गुण होते.

आणि आपल्या माणसांत? आजोबांनी एखादी गोष्ट चुकीची सांगितली तरी आपण मान हलवतो. वडीलधाऱ्याकडून धडा म्हणवून घ्यायचा म्हणजे त्याला शाळेत पहिल्या बाकावर बसवणं. मला लहानपणापासून एवढं तरी शिकवलेलं होतं. दोन्ही गोष्टी मी नीट शिकले होते. त्या एकाच टेबलावर समोरासमोर येतील असं कोणी सांगितलं नव्हतं.

परवाना कपाटातून काढून पाहिला. फोटोत मी बावीस वर्षांची. केस ओढून बांधलेले, हसत नाही.

तोक्तोसून अबा खोटं बोलले नाहीत. हे मी इथे लिहिलं. इथे लिहिलेलं कोणी ऐकत नाही.

१६ फेब्रुवारी

मसुद्यावर सही केली नाही. अर्ज दिला. तुरगुनबाएवनी पोच दिली, पेन्सिलनं. मी पेननं मागितली. नक्कल:

"चौकशी समितीस —

१९ जानेवारी, सकाळी ७:४२, गाड्यांच्या रेडिओवरचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं आणि ऐकावं.

त्यात तोक्तोसून अबा माझी सूचना पूर्ण परत म्हणतात. अकरा सेकंद लागतात. टॉवरमध्ये मागे हसण्याचा आवाज आहे. अबा म्हणतात: 'डाव्या कानानं ऐकू येत नाही, लेकी, म्हणून म्हणून दाखवतो. चुकलं तर सांग.' नंतरचा आवाज माझा आहे: 'अबा, तुम्ही वडीलधारे. मला काय म्हणून दाखवायचं? नुसतं हो म्हणा, पुरे.'

ते म्हणतात: 'हो, लेकी.'

त्या दिवसापासून त्यांनी माझी ही सूचना एकदाही मोडली नाही.

१८ तारखेला सकाळी सहाला हा दिवस पुसला जाईल. तरी १७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर द्यावं."