तिसऱ्या उताराचा बाण

लिहून ठेवणार: भीमराव केरबा ओव्हाळ, वय वर्षे बहात्तर, धर्म बौद्ध, पाटबंधारे खात्यातून निवृत्त मोजणीदार, राहणार हडपसर, पुणे.

हे मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे, हाताला कंप नाही, कोणी मागे उभं राहून लिहवून घेत नाही. मागे उभं राहायला घरात कोणी नाहीच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही, आणि लगेच तीन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. म्हणून मीही माझा एक कागद करून ठेवतो.

घरदार हे निमित्त आहे. माझा मुलगा धम्मदीप याच्या माथी मी नऊ वर्षांपूर्वी एक खोटं मारलं, ते उतरवायचं आहे. ते कलम सहामध्ये येईल. ज्याला घाई असेल त्याने थेट तिकडे जावं. मला घाई असूनही पाच कलमांचा वळसा पडणार असं दिसतं.

१. हडपसरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पत्नी हिरा चार वर्षांपूर्वी वारली. माझ्या पश्चात फ्लॅट धम्मदीप आणि मुलगी चैताली यांना निम्मा निम्मा मिळावा. दोघांत वाद होणार नाही. चैतालीचं सगळ्यांशी पटतं, आणि धम्मदीप फक्त माझ्याशी बोलत नाही. आईच्या अंत्यविधीला तो आला, सगळं केलं, पाहुण्यांना पाणी दिलं. मलाही दिलं, पण बघितलं भिंतीकडे.

२. बँकेत जे काही निघेल ते चैतालीला. हिराच्या आजारपणात शाळेची नोकरी सांभाळून दवाखान्याचे खेटे तिनेच घातले. माझा स्वभाव सहन केला त्याचं वेगळं काही देता येत नाही, दिलं असतं.

३. वकील म्हणतात, जे आपलं नाही ते देता येत नाही. कबूल. कोरजाई नदीच्या काठची पायवाट माझी नाही. वनखात्याची आहे, वाडीची आहे, गुरांची तर पहिल्यापासून आहे. पण निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षं, दर रविवारी स्वारगेटहून सहाची एसटी धरून आम्ही दहाबारा जण ती नीट ठेवतो. वाडीपासून वरच्या कोंडापर्यंत, म्हणजे नदीच्या डोहापर्यंत, सात किलोमीटर चढ. करवंदीच्या जाळ्या छाटायच्या, वाहून गेलेल्या पायऱ्यांचे दगड पुन्हा बसवायचे, लोकांच्या बाटल्या गोळा करायच्या. कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही. हिरा म्हणायची, घरात साधा खिळा ठोकवत नाही, आणि डोंगराला पायऱ्या बांधतात.

ही वाट पाच ठिकाणी नदी ओलांडते. त्या जागांना आम्ही उतार म्हणतो. पावसाळ्यात नदी दगड हलवते, तळची वाळू उपसून नेते, आणि गेल्या वर्षी घोट्याएवढं पाणी होतं तिथे यंदा कमरेएवढं असतं. म्हणून दसऱ्यानंतर जुने पांढरे बाण तारेच्या ब्रशने घासून काढायचे, दोघांनी काठी टेकवत पार जाऊन यायचं, आणि मगच नवा बाण रंगवायचा. ताजा बाण दिसला की समजायचं, दोन माणसं इथून पार जाऊन आली आहेत. हा नियम माझा. वहीत माझ्याच अक्षरात आहे.

वाटेची जबाबदारी आणि ती वही पूर्णिमा बोंद्रे यांनी घ्यावी. या माझ्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका, मूळच्या यवतमाळच्या. पुण्यात तीस वर्षं काढून त्या आता पुणेकरांच्याही चुका काढतात.

(मध्ये उठलो. गॅलरीत फेऱ्या मारल्या. यंदा पाऊस लांबला म्हणून बाणांचं काम येत्या रविवारी ठेवलं आहे. तेव्हा मी दवाखान्यात आडवा असणार. सकाळपासून चार वेळा चहा ठेवला, दोनदा उतू गेला. जीव थाऱ्यावर नाही.)

४. कोयते, पहार, फावडी, तारेचे ब्रश ही सगळी अवजारं वाडीतल्या दुर्गाबाईंच्या गोठ्यात असतात. ती त्यांनाच मिळावीत. चौदा वर्षं त्यांनी ती सांभाळली, आम्हाला पिठलंभाकरी घातली. पहिल्या वर्षी मी त्यांना नदीचं पाणी कुठे कसं वळतं ते समजावून सांगत होतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाणी तुमी मोजलं आसंल काका, आमी त्यात बुडालोय." मला राग आला होता. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

५. आमच्यातला शुभंकर हिंजवडीत नोकरीला आहे. त्याने 'कुणालाही माहीत नसलेली जागा' म्हणून आमच्या कोंडाचा व्हिडिओ टाकला. पुढच्या रविवारी तिथे चारशे लोक आणि दोन स्पीकर. कचऱ्याची रिकामी पोती माझ्या बाल्कनीत आहेत, ती सर्वच्या सर्व शुभंकरला द्यावीत.

६. आता टाळण्यासारखं काही उरलं नाही.

१५ ऑक्टोबर २०१६, शनिवार. दुसऱ्या दिवशी सगळा गट बाण रंगवायला येणार होता. मी आदल्या दिवशी एकटाच गेलो, कारण मला धीर नव्हता. मला तो कधीच नसतो. पहिले दोन उतार बघितले आणि जोडीला कोणी नाही म्हणून हात लावला नाही. तिसऱ्याशी पोचलो तेव्हा परतीच्या एसटीची वेळ होत आली होती. जुना बाण जागेवर होता. पाणी वरून शांत दिसत होतं. मनात म्हटलं, उभा जन्म पाणी मोजण्यात गेला, मला कसली काठी टेकवायला सांगता? पार न जाताच जुन्या बाणावर नवा रंग चढवला आणि परत फिरलो. कोणाला सांगितलं नाही.

रविवारी आम्ही बाकीचे पहिल्या उतारावर घासत होतो. उत्कर्षा नावाची वाशीमची एक मुलगी, तेव्हा इंजिनिअरिंगला होती, ती पुढे गेली. तिसऱ्या उतारावर तिला ताजा बाण दिसला. नियम तिला पाठ होता. ती पाण्यात उतरली. खालची वाळू गेलेली होती. डावा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि दोन ठिकाणी मोडला. चौघांनी चादरीच्या झोळीतून तिला खाली आणली. आज ती नोकरी करते, पण जिना चढताना कठडा धरते.

पुढच्या रविवारी माझ्या घरी सगळे जमले. बाण कोणी रंगवला? तेव्हा धम्मदीपही आमच्याबरोबर वाटेवर यायचा. कामाच्या वाटणीत तिसरा उतार त्याच्याकडे होता, आणि त्या आठवड्यात तोही एकदा जाऊन आला होता. तो म्हणाला, "मी रंगवला नाही." तेव्हा तोंड उघडायला माझं काही जात नव्हतं. मी उघडलं, आणि म्हणालो, "मग काय भुताने रंगवला?"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. तो वाटेवर परत आला नाही आणि या घरात माझ्याशी बोलला नाही.

बाण मी रंगवला. मी एकट्याने. धम्मदीपचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, की ज्याने नियम केला त्यानेच मोडला म्हणून लोक हसतील. हिराला ठाऊक होतं. शनिवारी माझ्या शर्टाच्या बाहीवरचा रंग तिनेच टर्पेंटाइनने काढला होता. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली जातो. नऊ वर्षं जातो आहे.

या कलमाची प्रत उत्कर्षाला द्यावी आणि ते सगळ्या गटासमोर मोठ्याने वाचावं.

मंगळवार, दिनांक १४ ऑक्टोबर २०२५.

नोंद, बुधवारची. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. पूर्णिमाबाईंना काल सहीसाठी बोलावलं तर त्यांनी सगळा वाचला, ऱ्हस्वदीर्घासह. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे हे त्यानं तुम्ही गेल्यावर वाचायचं. आणि मग भांडायचं कुणाशी? फोटोशी?" सही न करता गेल्या.

मी धम्मदीपला फोन लावला. तो "बोला" म्हणाला. एक कागद वाचायला ये एवढंच मला सांगता आलं.

आज सकाळी ऑफिसला जाता जाता आला. बसला नाही. कलम सहा उभ्यानेच दोनदा वाचलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, लिहिलंय ते, वाचलं. मग खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, "बाबा, नऊ वर्षं मला वाटतंय की मीच रंगवून विसरलो असेन. उत्कर्षाला दर वर्षी भेटतो. दर वर्षी सॉरी म्हणतो."

मला रडू आलं. लिहिताना पुन्हा येतं आहे, लपवत नाही.

त्याने पेन मागितलं. म्हणाला, या कागदाला साक्षीदार मी. मी सांगितलं, वकिलांचं म्हणणं आहे की ज्याला हिस्सा द्यायचा त्याची साक्ष घेऊ नये, उगाच भानगड नको. तो म्हणाला, "मग हिस्सा खोडा."

मी समजावून बघितलं. माझ्यावरच गेला आहे, ऐकत नाही. म्हणून कलम एकमधील धम्मदीपचा निम्मा हिस्सा रद्द करून संपूर्ण फ्लॅट चैतालीला देत आहे. पूर्णिमाबाईंना पुन्हा बोलावलं; धम्मदीपने कागद वाचलेला बघून त्या सहीला तयार झाल्या. खाडाखोडीजवळ आम्ही तिघांनी सही केली आहे. बाकी कलमं आहेत तशी.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी त्यावर सही केली आहे.

(सही) भीमराव केरबा ओव्हाळ
हडपसर, पुणे. दिनांक १५ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: (सही) पूर्णिमा बोंद्रे, शेजारी. शुद्धलेखनाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या.

साक्षीदार २: (सही) धम्मदीप भीमराव ओव्हाळ, मुलगा. कलम सहा वाचलं. मी बाण रंगवला नव्हता.