ते आम्ही घरी शिकवू

मंगळवार, १५ डिसेंबर

प्रिय दुशीताई,

कशी आहेस? डोळ्याचं दुसरं ऑपरेशन झालं असं आईच्या पत्रातून कळलं. नोवी सादला वारा फार, म्हणून बाहेर जाताना पट्टीवरून रुमाल बांधत जा. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. यंदा मिरच्या तिने एकटीनेच भाजल्या आणि अर्ध्या करपवल्या. तुझ्या शाळेतल्या त्या म्हाताऱ्या शिपाईबाई वारल्या. बाकी ब्रेस्तोवोत नवीन काही नाही.

मी बरी आहे. दोन घोंगड्या मिळाल्यात. खोलीत आम्ही चौघी असतो. त्यातली ओल्गा सारखी गात असते आणि तिला एकच गाणं येतं. आईने तुला लिहिलं असेल, 'मिलुंकाचं जरा बिनसलंय.' आपल्या घरात कुणी तुरुंगात गेलं तरी त्याला बिनसणंच म्हणायचं. ताई, मी जिल्ह्याच्या तुरुंगात आहे. आज चोविसावा दिवस.

मला तुझ्याकडे काही मागायचंय. पण त्याआधी काही सांगायला हवं, आणि ते लिहायला घेतलं की माझा हात दुसरीकडेच वळतो. आत्ताही मिरच्यांवर वळला, बघ ना.

ऑक्टोबरातल्या त्या पालकसभेपासून सुरुवात करते. चौथीच्या वर्गात तू ते दोन तास घेतले होतेस. शरीराच्या भागांची खरी नावं, कुणी कुठे हात लावायचा नाही, लावला तर नाही म्हणायचं आणि घरी सांगायचं. एवढंच होतं ते. पण गावात बोभाटा असा झाला की दुशांकाबाई पोरांना नागडी चित्रं दाखवते. सभेला चाळीस माणसं आली होती. एरवी गणिताच्या निकालाला सात येतात.

सगळ्यात मोठ्याने बोलला तो वेलिमिर. अग्निशमन दलाचा प्रमुख, चर्चच्या समितीवरचा माणूस, आणि आमच्या कालिनाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारा तिचा धर्मबाप. म्हणाला, "शाळेने पाढे शिकवावेत. हे असलं आमचं आम्ही घरी शिकवू!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

तू शांतपणे म्हणालीस, "शिकवा ना. तुम्ही शिकवणार असाल तर मी उद्यापासून बंद करते. आजवर कुणी घरी शिकवलंय, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खाली बघून पर्सची चेन लावत बसले.

कारण तुला माहीत होतं, आपल्या घरी काय शिकवलं गेलं ते. मला पहिल्यांदा रक्त आलं तेव्हा आईने काडकन थोबाडीत मारली. म्हणाली, "गालावर लाली राहते, अशी रीत आहे." बस्स, एवढंच. मी गोठ्यात जाऊन मरणाची वाट बघत बसले होते. तू शोधत आलीस, शेजारी गवतात बसलीस आणि सगळं समजावून सांगितलंस. तेव्हा तू पंधराची होतीस आणि मी बाराची. मला जे काही शिकवलं ते तूच, ताई. शाळेने नाही आणि आईनेही नाही.

त्या सभेनंतरच्या मंगळवारी मी कालिनाचे केस धूत होते. तिच्या डोळ्यांवर साबण होता. डोळे मिटूनच ती म्हणाली, "आई, मावशीने वर्गात सांगितलं ना, घरी सांगायचं म्हणून. धर्मबाबा माझ्याशी तसं वागतात. मी त्यांच्याकडे मध आणायला जाते तेव्हा. उन्हाळ्यापासून."

दहा वर्षांच्या पोरीने खाली न बघता, तू शिकवलेल्या नावांनिशी सगळं सांगितलं. एक शब्दही अडखळला नाही.

मी तिला मारलं, ताई. साबणाच्या हाताने मारलं, आणि तिचं डोकं घंगाळाच्या काठावर आपटून भुवई फुटली. तुला वाटलं होतं ती सायकलवरून पडली. मीच तसं सांगितलं होतं. "कुठून शिकलीस हे घाणेरडं?" मी ओरडत होते आणि ती म्हणत होती, "मावशीनेच सांगितलंय, सांगायचं म्हणून!" पाण्यात रक्त मिसळत होतं आणि मी तेच पाणी तिच्या डोक्यावर ओतत होते.

तीन दिवस मी कुणाशी बोलले नाही. रात्कोलाही सांगितलं नाही. वेलिमिर त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आमच्या लग्नाचा साक्षीदार. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, पण धर्मबापाशी नाही. माझ्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. दुशीने ते शब्द शिकवले नसते तर पोर बोलली नसती. पोर बोलली नसती तर हे झालंच नसतं. तुला हसू येईल. पण मला ते तेव्हा सरळ दोन अधिक दोन वाटत होतं. वेलिमिरचा राग यायला हवा होता, तो मला तुझा आला.

मग शुक्रवार उजाडला. शाळेच्या आवारात काय झालं ते तुला माहीत आहे. निदान तुझी पाठ भिंतीला लागेपर्यंतचं. वेलिमिर पायरीवर उभा राहून घोषणा देत होता. कसायाच्या दोन भावांनी वर्गातून तुझं पुस्तकांचं खोकं ओढत आणलं आणि आवारातच पेटवलं. मुख्याध्यापक खिडकी लावून आत बसले. कुणीतरी तुझा अंबाडा धरून तुला ओढलं, तुझा कोट फाटला. तू म्हणत होतीस, "मुलांना आत न्या! आधी मुलांना आत न्या!" एका बाईने तुझ्या तोंडावर थुंकून विचारलं, "स्वतःला पोर नाही, आमची नासवतेस?" आणि मग दगड आला.

हॉस्पिटलात नऊ दिवस तुझ्या उशाशी बसले होते मी. चमच्याने सूप भरवलं तुला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तरी तू माझा हात धरून विचारलंस, "मिलू, कुणी मारला गं? पाहिलंस का?" मी म्हणाले, "गर्दीतल्या कुणीतरी."

मी मारला होता.

शाळेच्या गेटापाशी फरशीचं काम चाललं होतं, तिथला ढिगातला दगड. माझ्या मुठीत मावेल एवढा. मी नेम धरला नव्हता, असं लिहावंसं वाटतंय. पण धरला होता. तुझं तोंड बंद व्हायला हवं होतं मला. तो डोळ्यावर बसला. तू न ओरडता खाली बसलीस आणि तुझ्या बोटांमधून रक्त वाहायला लागलं. तेव्हा माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. वळून पाहिलं तर कालिना. कपाळाला अजून चिकटपट्टी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

त्यानंतर महिनाभर पोर माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं तर जेवायची. बाकी काही नाही.

एकवीस नोव्हेंबरला संत मिखाएलचा दिवस, म्हणजे रात्कोच्या घराण्याची स्लावा, त्यांच्या कुलसंताचा सण. तीस पाहुणे, डुकराचं भाजलेलं मांस, कोबीच्या पानातला खिमा, मेणबत्ती लावलेली, पावावर वाइन शिंपडलेली. सासूबाईंनी वेलिमिरला रात्कोच्या उजव्या हाताला बसवलं. मी वाढत होते. हो ताई, मी त्याला वाढत होते. महिना झाला तरी मी त्याला आमच्या घरी येऊ देत होते. फक्त कालिनाला मध आणायला पाठवणं बंद केलं होतं, आणि एवढ्यावर मी स्वतःला आई म्हणवत होते.

दोन ग्लास राकिया पोटात गेल्यावर तो म्हणाला, "माझी धर्मकन्या कुठाय? हल्ली फिरकत नाही. ये गं, धर्मबाबाच्या शेजारी बस."

कालिना दारात गोड गव्हाचं ताट घेऊन उभी होती. तिने ते शांतपणे जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "नाही. तुम्ही मला हात लावायचा नाही." आणि मग कुठे लावायचा नाही, आणि कुठे लावला होता, हे तिने तीस माणसांसमोर सांगितलं. फळ्यासमोर उभी राहून धडा म्हणावा तसं.

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला, "पोरीच्या अंगात काय शिरलंय!" वेलिमिर हसला. "घ्या! मावशीचा एक डोळा गेला, पण शाळा अजून चालू आहे." दोघं-तिघं त्याच्याबरोबर हसले. आणि रात्को उठला आणि त्याने कालिनाला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. पोर दाराच्या चौकटीवर आदळली आणि तिचा ओठ फुटला. पण ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सभेत तू पाहिलं होतंस, अगदी तसं.

माझ्या मागेच चूल होती. निखारे ओढायचा लोखंडी गज तिथे टेकवलेला होता. तो तापलेला होता हे मला नंतर माझ्या तळहातावरून कळलं. पहिला घाव वेलिमिरच्या जबड्यावर बसला, तेव्हा तो अजून हसतच होता. दात टेबलावर पडले. दुसरा खांद्यावर. तो टेबलाखाली शिरायला लागला तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर मारलं. किती वेळा ते फिर्यादीत लिहिलंय, मला आठवत नाही. बायका किंचाळत होत्या. रात्कोने मागून माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं, तरी गज सुटला नाही. शेवटी तिघांनी मिळून सोडवला.

तो जिवंत आहे. जबडा तारेने बांधलाय, पातळ पेजेवर आहे. तो मेला असता तर मला आनंद झाला असता का, असं चौकशीच्या बाईंनी विचारलं. पण मागच्या आठवड्यात त्याच बाई स्वतः येऊन सांगून गेल्या, की गावातली आणखी एक जण पुढे आलीय. सव्वीस वर्षांची, लग्न झालेली. तिला घरी कुणी शब्दच दिले नव्हते, म्हणाली. म्हणून सोळा वर्षं लागली.

रात्को एकदाच भेटायला आला. जाळीपलीकडून म्हणाला, "तुला चक्कर आली होती असं सांग. पोरगी खोटं बोलली असं सांग. वेलिमिर तक्रार मागे घेईल, तू घरी येशील, विषय संपेल."

मी विचारलं, "आणि कालिना?"

"ती आईकडे आहे. आई तिला वळण लावतेय."

सासूबाईंचं वळण मला माहीत आहे. पोर जेवताना बोलली की त्या तिच्या तोंडावर लाकडी डाव मारतात, 'घरातलं घरात राहू दे' म्हणत. बालकल्याण खात्याची बाई तिला बघून आली. ओठाची जखम अजून भरू दिलेली नाही, म्हणाली. मावशीने अर्ज केला तर निकाल लागेपर्यंत मूल मावशीकडे देता येतं, असंही म्हणाली.

हे मागणं आहे माझं. कालिनाला घेऊन जा, ताई.

मी हे दगडाचं न लिहिताही मागू शकले असते. तू लगेच निघाली असतीस, मला माहीत आहे. पण मग तू त्या पोरीला घरी नेऊन रोज तिच्याशी खोट्यात राहिली असतीस, आणि ते खोटं तिला एकटीला सांभाळावं लागलं असतं. आणखी एक ओझं मी तिच्यावर टाकणार नाही. दगडाचं मी उद्या चौकशीच्या बाईंनाही लिहून देणार आहे. शिक्षा वाढेल. वाढू दे.

माफी मागत नाही. ती कुठल्या तोंडाने मागू? तू मला उत्तर लिहू नकोस, भेटायला येऊ नकोस, माझं नाव घेऊ नकोस, सगळं मला मान्य आहे. फक्त अर्ज कर. आणि ती तुझ्याकडे आली की, जे शिकवायचं राहिलंय ते सगळं तिला शिकव. तिच्या आईने काय केलं, हेसुद्धा तिला विचारू दे. विचारील तेव्हा उत्तर दे.

तू शिकवलेलं ज्या पोरीने लक्षात ठेवलं तिची आई, आणि जिने ते विसरून तुझ्यावर हात उचलला ती तुझी धाकटी बहीण,

मिलुंका