नावं वाचता येईनात

सर, आपल्या रक्तपेढीतला तुमचा प्रोग्रॅम काल बंद केला. तुम्ही गेल्यापासून तो मीच सांभाळत होते. नव्या कॉम्प्युटरवर तो चालेना, म्हणून जुन्या डेटाबेसमधलं सगळं नव्या व्हर्जनमध्ये न्यायचं ठरलं. गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर आला. दुपारी म्हणाला, "झालं मॅडम. तिकडं जितक्या नोंदी होत्या, तितक्या इकडं आल्यात." मी रक्तदात्यांची यादी उघडली, तर नावांच्या जागी नुसती चिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं. रक्तगटांचंही तेच. तुम्ही सगळं जुन्या मराठी फॉन्टमध्ये भरलेलं, आणि नव्या व्हर्जनला तो फॉन्ट कळतच नव्हता.

मला तुमच्या हाताखालचे पहिले दिवस आठवले. मी नोंदी भरून उठते आहे आणि तुम्ही म्हणता, "भरलं म्हणून काय झालं? मोठ्यानं वाच." मी वाचते, तर 'शेख'च्या जागी 'शेष' निघतं. "उद्या या माणसाला फोन लावला तर काय नावानं बोलवावं?" तुमचा आवाज चढलेला नसतो, तरी मला रडू येतं. माझं बाळंतपण तेव्हा जवळ आलेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक उशी आणून माझ्या खुर्चीवर ठेवता. "पाठीला लाव. घरून दिलीय," एवढंच म्हणता.

इंजिनिअर मला फॉन्टचा घोळ समजावत होता, तेवढ्यात एक माणूस धावत आला. बायको बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं. "ओ निगेटिव्ह पायजे. डॉक्टर म्हणले, लई लागंल." फ्रिजमध्ये एकच पिशवी होती. ती लगेच दिली आणि इंजिनिअरला म्हटलं, "जुना कॉम्प्युटर चालू करा."

"मॅडम, काम अर्धवट राहील."

"राहू द्या."

तो बिचारा कुरकुरला नाही, स्वतःच वायरी जोडायला बसला. तुमच्या यादीत ओ निगेटिव्हचा, शेंद्र्याच्या कारखान्यातला एक कामगार सापडला. फोन लावला, तर मशीनच्या आवाजातून तो ओरडून म्हणाला, "येतो ना. सुपरवायझरला सांगून निघतो." तो आला, रक्त दिलं, तपासण्या होऊन पिशवी दवाखान्यात गेली. संध्याकाळी त्या बाईचा नवरा पुन्हा आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बोलायली ती आता." मग बराच वेळ तो तिथंच बसून राहिला. मीही उठवलं नाही.

पुढचे दिवस मी आणि इंजिनिअर एकेक अक्षर जुळवत बसलो. जोडाक्षरांनी फार छळलं. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, पहिली वेलांटी शेजारच्याला लागायची. तो बदल करायचा, मी वाचायचे. अखेर सगळी नावं नीट उमटली.

तुमचा प्रोग्रॅम बंद करताना मला जड जाईल असं सगळ्यांना वाटलं. काल दोघी-तिघी मुद्दाम जवळ येऊन उभ्या राहिल्या. पण तसं झालं नाही, सर. तो जपून जपून मी कंटाळले होते. मला हायसं वाटलं. तुम्ही समोर असता तर हे बोलले नसते, आणि हे पत्र पाठवायला पत्ता नाही याचंही आज थोडं बरं वाटतंय.